पहिल्या पंधराशे जणांना बाहुला मोफत

मेपल बेंड, आयोवा
९ मार्च २००९

प्रिय ड्वेन,

पाकिटावर हेरन्स बेसबॉल क्लबचा बगळा बघून तू हे न उघडताच केरात टाकशील, म्हणून मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत माझं नाव लिहिलंय. उघडलंस, बरं केलंस. फोनच करणार होते, पण फोनवर तू ‘हां’, ‘हूं’, ‘बरं’ एवढंच म्हणतोस आणि मला बँकेतल्या माणसाशी बोलल्यासारखं वाटतं.

आधी कामाचं सांगते. अठरा जुलैला, शनिवारी, क्लबने ‘ड्वेन टेस्की नाइट’ ठरवली आहे. खरंच. तुझ्या नावाची. फाटकातून आत येणाऱ्या पहिल्या पंधराशे जणांना तुझा बाहुला मोफत, तो स्प्रिंगवाला, बोट लावलं की मान डोलावणारा. तू यायचं, थोडा वेळ टेबलाशी बसून सह्या करायच्या, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. येण्याजाण्याचा खर्च क्लब देईल. राहायला माझं घर आहेच. बाबांची खोली मी आता शिवणाची केली आहे, पण पलंग तिथेच आहे.

तू म्हणशील, मीच का? क्लबने आजवर मोठ्या लीगमध्ये गेलेल्यांचेच बाहुले काढले. पण नव्या मालकांना आता ‘गावचा माणूस’ हवा आहे. त्यांनी ट्रेव्हर लँडिस नावाचा एक मुलगा आणलाय, सत्तावीस वर्षांचा. हिवाळ्यातही चड्डी घालून ऑफिसात येतो. लोक मैदानावर यावेत म्हणून मोफत काय वाटायचं, कुणाला नाचवायचं, ते सगळं तो ठरवतो. मी त्याच्या हाताखाली आहे. म्हणजे तो ठरवतो आणि मी खोकी मोजते. कल्पना कुणाची ते विचारू नकोस, मीटिंगला दहा डोकी असतात, कोण काय बोललं कुणाच्या लक्षात राहतं?

बाहुल्याचा चेहरा तुझ्यासारखा यावा म्हणून कारखान्याला फोटो लागतो. माझ्या फ्रिजवर तुझं सत्त्याऐंशीचं खेळाडूचं कार्ड होतं, पोलिसांनी शाळेत पोरांना वाटलेलं. तेच दिलं. तुला आठवतं का त्याच्या मागे काय छापलं होतं? ‘हेरन्सचा ड्वेन सांगतो: रस्ता ओलांडण्याआधी दोन्हीकडे बघा.’ बाबा त्यावरून तुला किती चिडवायचे. कार्ड परत आणून द्यायचं ट्रेव्हरने कबूल केलंय.

ये ना रे. बाबांच्या दफनाला आलास तेव्हा मागच्या बाकावर बसलास आणि नंतरच्या जेवणाला हॅमचे सँडविच मांडायच्या आत निघूनही गेलास. त्याला सहा वर्षं होतील. आपण दोघंच उरलोय.

तुझी,
मार्लिस


४ एप्रिल

प्रिय ड्वेन,

तुझं पोस्टकार्ड मी तीनदा वाचलं. ‘येतो. शेल्बीला आणतो. कोट लागेल का? बाहुला काय करतोय?’ एका दमात एवढे प्रश्न तू मला जन्मात विचारले नव्हतेस. मला इतका आनंद झाला की शेजारणीला बोलावून दाखवलं. तिला वाटलं मला लॉटरी लागली.

आणि मग खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं दिसलं. ‘शेल्बीला त्या मॅचचं काही माहीत नाही. तिला एवढंच माहीत आहे की मी खेळायचो आणि बरा खेळायचो. तिथे कुणी काही बोलणार नाही ना?’

कोण कशाला बोलेल? बावीस वर्षं झाली. डेअरीवाला हँक वारला. ती दोन बोटं दाखवणारी सगळी मंडळी म्हातारी झाली, कित्येकांना संधिवात आहे. आता मैदानावर येतात ती लहान पोरं आणि त्यांचे आईबाप, आणि त्या आईबापांचं लक्ष फोनमध्ये. खेळ कोण बघतं?

कोट घाल. करडा असेल तर बरा. बाहुला काय करतोय विचारशील तर, चेंडू टाकतोय. उजवा हात पुढे. खालच्या चौथऱ्यावर थोडा मजकूर असतो, तो ट्रेव्हर बघतोय, मला नीट माहीत नाही.

शेल्बी सॉफ्टबॉल खेळते हे तू पहिल्यांदाच लिहिलंस. राइट फील्डलाच उभी राहते म्हणे. तुझ्यावरच गेली म्हणायची.

कारखान्याशी एक बारीकसं बोलायचं राहिलंय. तेवढं उरकते.

मार्लिस


२३ मे

प्रिय ड्वेन,

बरेच दिवस लिहिलं नाही. काम फार. एप्रिलमध्ये उशा वाटल्या, बसायच्या. निळ्या, वर बगळा छापलेला. त्या उशांचा रंग सुटला आणि अर्धं गाव निळ्या पार्श्वभागाने घरी गेलं. उशा माझी कल्पना होती. ट्रेव्हर आठवडाभर मला बघितलं की उठून स्वतःच्या चड्डीचं मागचं बघायचा.

तुझं यायचं पक्कं असेल तर पक्कंच. पण मी म्हणत होते, जुलैत इथे उकाडा किती असतो तुला ठाऊक आहे. डास तर यंदा घोड्याला उचलून नेतील एवढे आहेत. वायोमिंगहून इथवर गाडीने यायचं म्हणजे पेट्रोल किती जाईल. आणि शेल्बीच्या सामन्यांचे दिवस असतील ना? पोरीचा हंगाम बुडवू नकोस. हवं तर एकटाच ये. किंवा असं करू या का, आत्ता राहू दे, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला निवांत या दोघं. मी टर्की करीन. मैदानाचं काय, मैदान कुठे पळून जातंय.

बाहुल्याचा नमुना आला. चेहरा तुझाच आहे. हनुवटीवरची खाच सुद्धा आहे. मी ट्रेव्हरला म्हटलं, “त्याच्या हातात बॅट देता येणार नाही का रे? बॅट घेऊन माणूस कसा रुबाबदार दिसतो.”

तो म्हणाला, “बाई, माल चीनहून जहाजात चढलाय. आता बॅट द्यायला मी समुद्रात पोहत जाऊ का?”

त्याचंही बरोबर आहे म्हणा.

तू लिहिलंस की नवा करडा कोट घेतलास. जुना चालला असता रे. उगाच कशाला घेतलास.

मार्लिस


७ जुलै

ड्वेन,

काल ट्रक आला. खोकी उतरवून घ्यायला मीच होते, ते माझंच काम. कोठीघरात छतापर्यंत थप्पी लागली आहे, आणि प्रत्येक खोक्यावर तुझं नाव. मी एक फोडलं. मग खाली बसले. ऑर्व्हिलने पाणी आणून दिलं. ऑर्व्हिल आठवतो ना, फाटकावर तिकिटं फाडायचा, अजूनही फाडतो. तो म्हणाला, “मार्लिस, त्याला सांगितलंस का गं?” मी म्हटलं, “सांगते.” तो म्हणाला, “मार्चपासून सांगतेयस.”

तर सांगते. हे वाचल्यावर तू येणार नाहीस, आणि तेच योग्य होईल.

बाहुला चेंडू टाकतोय हे खोटं नाही. पण तो कठड्यापलीकडच्या पोरीला चेंडू देतोय. कठडासुद्धा केलाय, छोटासा, पांढरा. डावा हात वर आहे, तर्जनी आणि करंगळी उभी. खाली चौथऱ्यावर लिहिलंय, ‘किती आऊट?’

आता समजलं ना, मी कोटाचं, डासांचं का लिहीत होते.

आणि कल्पना माझी होती, ड्वेन. दहा डोकी वगैरे काही नाही. माझं एकटीचं डोकं.

जानेवारीत मीटिंग होती. नव्या मालकाचा मुलगाही आला होता. प्रत्येकाने वर्षासाठी एकेक कल्पना सांगायची. माझ्या बसायच्या उशा आधीच ठरल्या होत्या, म्हणून मी सांगितलं, फुलझाडांचं बी वाटू. मी सांगितलं, चर्चच्या गायकांची संध्याकाळ ठेवू. ट्रेव्हर खिडकीबाहेर बघत म्हणाला, “मार्लिस, तुमच्याकडे ज्यावर बसता येत नाही किंवा जे पेरता येत नाही असं काही आहे का?” सगळे हसले. तीस वर्षं झाली मला त्या इमारतीत, ती पोरं जन्मली नव्हती तेव्हापासून, आणि मला ठाऊक होतं की यंदा एकाची नोकरी कमी व्हायची आहे. ती कुणाची, तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, “माझ्या भावाची गोष्ट आहे.”

आणि सांगितली. नववा डाव, आपण एका धावेने पुढे, जिंकलो की चषक आपला. त्यांचे दोन गडी दुसऱ्या नि तिसऱ्या बेसवर, एक आऊट. उंच फटका राइट फील्डला, ड्वेन टेस्कीने धावत जाऊन असा झेल घेतला की अख्खं मैदान उभं राहिलं. आणि त्याला वाटलं झाले तीन, संपला डाव. खुशीत कठड्याशी गेला आणि पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीला चेंडू देऊन टाकला. दोनच झाले होते! चेंडू प्रेक्षकांत गेला की धावणाऱ्यांना दोन-दोन बेस फुकट. दोघेही चालत चालत होम बेसला आले, दोन धावा. हसत. आणि ड्वेन तिकडे पोरीला टाटा करतोय.

मी उभं राहून सांगितलं, ड्वेन. टाटा करून दाखवला. तू कसा मान वळवून फलकाकडे बघितलंस ते दाखवलं. शेवटी दोन बोटं वर केली, हँक करायचा तशी.

मालकाचा मुलगा डोळे पुसायला लागला हसून. ट्रेव्हर टेबलावर थापा मारत होता. “बाई, बाई, तुम्ही इतके दिवस कुठे होतात?” म्हणाला. आणि मला, काय सांगू, मला फार बरं वाटलं. ती पोरं पहिल्यांदा माझ्याबरोबर हसत होती. मी पुन्हा एकदा टाटा केला. त्यांनी मागितला म्हणून नाही, माझ्या हौसेने.

नोकरी राहिली. मैदानाची निगा राखणाऱ्या बिचाऱ्या लेरॉयची गेली.

ती दोन बोटं म्हणजे खेळाडू मैदानात एकमेकांना करतात ती खूण, दोन झालेत, सावध राहा, एवढाच तिचा अर्थ. आपल्या गावाने तिची शिवी केली. पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये, हॉस्पिटलात तू बाबांच्या उशाशी बसलेला असताना. ती दाखवणाऱ्या प्रत्येकाला मी मनात शाप दिलेत. आणि मग तीच बोटं मी वर केली, पगारासाठी नि चार टवाळ पोरांच्या हसण्यासाठी. मला आरशात बघायची लाज वाटते. हे लिहितानाही मी खोटं बोलतेय असं वाटतं, कारण नुसतं ‘लाज’ म्हणून भागत नाही.

येऊ नकोस. शेल्बीला सांग, आत्याची तब्येत बरी नाही. क्लबवाल्यांना मी काय सांगायचं ते सांगीन.

मार्लिस


२१ जुलै

ड्वेन,

घरी पोहोचलास की तुला पेटीत माझं सात तारखेचं पत्र मिळेल. तू म्हणशील, म्हणजे तिने आधीच कळवलं होतं, आपणच डोंगरात तंबू ठोकून बसलो होतो, तिचा काय दोष. असं म्हणू नकोस. मला ते श्रेय देऊ नकोस, म्हणून लगेच हे लिहितेय. ते पत्र मार्चमध्ये लिहायचं होतं. आणि शनिवारी तर पत्राची गरजच नव्हती. तू माझ्या स्वयंपाकघरात उभा होतास.

दार उघडलं तेव्हा मला वाटलं, पत्र वाचूनही आला. क्षणभर मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. मग तू हसलास आणि म्हणालास, “आठ तारखेलाच निघालो गं. हिला ब्लॅक हिल्सचे डोंगर दाखवले. कोट बघ, चुरगळला नाही ना?” आणि मागून शेल्बी पुढे आली, उंच, तुझीच हनुवटी, आणि तिच्या हातात तिच्याजवळचं तुझं तेच कार्ड. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. “आत्या, माझे बाबा खरंच असे दिसायचे?” म्हणाली. “बघ ना, मिशी!”

तेव्हा सांगायचं होतं. तू हात धुतलेस, तेव्हा. शेल्बी अंगणात मांजरामागे गेली आणि आपण दोघंच होतो, तेव्हा. तू म्हणालास, “मार्लिस, मला वाटलं नव्हतं ते मला कधी बोलावतील. मी येताना हिला सांगत होतो, आपलं गाव तसं चांगलं आहे.” ड्वेन, तेव्हा मी तुला बटाट्याचं सॅलड वाढलं. आणखी घे म्हटलं. मक्याच्या कणसाला लोणी लावून दिलं. तू जेवत होतास आणि मी तुझ्या कोटावरचा धागा काढत होते. जीभ टाळूला चिकटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण तेही खोटंच आहे, जीभ चिकटली नव्हती. मी सतत बोलत होते. मांजरावर, छपरावर, लोण्याच्या भावावर.

बाकीचं तू पाहिलंस. पण मी कुठून पाहिलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

फाटकाशी ट्रेव्हर स्वतः उभा होता, हातात खोकं घेऊन. शेल्बीला म्हणाला, “तू टेस्कीसाहेबांची मुलगी? मग पहिला तुला!” मी तुमच्या मागे दोन पावलांवर होते. हात पुढे करून ते खोकं हिसकावून घेता आलं असतं. मी पर्सची चेन लावत होते. चेन लागलेलीच होती.

तिने बाहुला काढला, मान हलवली, हसली. मग तिने तो उजेडाकडे धरला. तिने आपली तर्जनी आणि करंगळी तशीच उभी केली आणि म्हणाली, “बाबा, हे दोन आऊट ना?” मग चौथरा वाचला. मग कठडा बघितला. ती स्वतः त्याच जागी उभी राहते, तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

“दोनच झालेले असताना दिलात?”

तू म्हणालास, “हो.”

“आणि मॅच?”

“हरलो. माझ्यामुळे.”

तिने तुझ्याकडे बघितलं, ट्रेव्हरकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे, कारण तिघांत मी एकटीच जमिनीकडे बघत होते. “आत्या,” ती म्हणाली, “ह्यांना हे कुणी सांगितलं?” चौदा वर्षांची पोर. मी म्हटलं, “मी.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तेवढा एक शब्द मी खरा बोलले. सबंध उन्हाळ्यातला तेवढा एकच.

तू कोटाचं बटण लावलंस. मला वाटलं आता वळशील. मनातून मी तेच मागत होते. ट्रेव्हर म्हणत होता, “साहेब, आधी तुम्ही राइट फील्डमध्ये जायचं, फटका येईल, झेल घ्यायचा, आणि एका मुलीला तसाच...” तू म्हणालास, “एकदा दिला तेवढा पुरे, पोरा. टेबल कुठे आहे?”

आणि जाऊन बसलास. रांग कोपऱ्यावरून वळली होती. मी उशांच्या कपाटाआड उभी होते, तिथून सगळं ऐकू येतं. कुणी म्हणालं, “किती झाले, टेस्की?” तू म्हणालास, “मला नका विचारू, माझं मोजमाप जगजाहीर आहे.” लोक हसले, तूही हसलास. मैदानात हेरन्सपैकी कुणी झेल घेतला की सगळी गर्दी बोटं वर करून ओरडत होती, “देऊ नको! देऊ नको!” ते ट्रेव्हरने फलकावर लावलं होतं, माझं नव्हतं, पण आता कसलं माझं नि तुझं. प्रत्येक वेळी ओरडा झाला की शेल्बी तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवत होती. तू सही करायचा थांबत नव्हतास. नावं विचारून, नीट अक्षर काढून सही करत होतास.

मग ती बाई आली. नर्सच्या कपड्यांत, कामावरून तशीच आलेली. तिच्या हातात बाहुला नव्हता, मोजा होता. मोज्यातून तिने चेंडू काढला, पिवळा पडलेला.

“हा तुम्ही मला दिला होता,” ती म्हणाली.

तू पेन खाली ठेवलंस.

“अंपायर मागायला आला होता. मी फ्रॉकमध्ये लपवला,” ती म्हणाली. “घरी सगळे तुम्हाला शिव्या घालत होते. बाबा, काका, सगळे. मला कळेचना. मला तर वाटत होतं, एवढी माणसं सोडून त्यांनी मलाच दिला. मी उशीखाली घेऊन झोपायचे. माझ्या मुलांना पण तेवढंच सांगितलंय, एका खेळाडूने मला चेंडू दिला.”

तू हसलास, मोठ्याने, मान मागे टाकून. ते हसू मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. शेल्बीही हसली. तू त्या चेंडूवर सही केलीस आणि म्हणालास, “आता कुणी मागितला तरी देऊ नका.” ती बाई रडत होती आणि हसत होती.

मी कपाटाआड उभी होते आणि मला कळलं की ही गोष्ट अशीही सांगता आली असती. त्याच खोलीत, त्याच पोरांना. झेल तोच, पोर तीच, चेंडू तोच. ती परकी बाई बावीस वर्षं तशी सांगत आली. मी तुझी बहीण, आणि मी टाटा करून दाखवला.

मग मी रांगेत उभी राहिले, सगळ्यांत शेवटी. ऑर्व्हिल म्हणाला, “तू कशाला रांगेत? आतून जा की.” मी म्हटलं, “नाही, रांगेतूनच.” मला काय वाटलं होतं कोण जाणे. वाटलं असेल, सगळ्यांसारखी उभी राहिले तर सगळ्यांसारखी सही मिळेल. सगळ्यांना मिळत होती. निवृत्त झालेल्या त्या पोस्टमनलाही मिळाली, ज्याने दोन बोटं दाखवूनच बाहुला पुढे केला.

माझी पाळी आली. मी बाहुला टेबलावर ठेवला, त्याची मान हलत होती. तू मान वर केलीस. पेनला टोपण लावलंस. सावकाश, टक् आवाज होईपर्यंत.

“ह्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, मार्लिस,” म्हणालास. “तुला माहीत होतं.”

आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मी काहीतरी बोलले असते, नोकरीचं, म्हातारपणाचं. तू उठलास, खुर्ची आत सरकवलीस, कोट शेल्बीच्या खांद्यांवर टाकलास. जाताना म्हणालास, “सॅलड छान झालं होतं.” मी घरी येईपर्यंत बाबांच्या खोलीतली तुमची बॅग गेलेली होती. पलंगावरची चादर घडी करून ठेवली होतीस.

काल ट्रेव्हर नाचत आला. “हाउसफुल, बाई! तिकिटांचा उच्चांक! आणखी भाऊ आहेत का?”

आणि मी हसले, ड्वेन. सवयीने. हसू तोंडावर येऊन गेल्यावर मला कळलं की मी हसतेय. मग मी त्याला सांगितलं की मला मोफत वाटायच्या वस्तूंचं काम नको, तिकिटाच्या खिडकीत बसवा, तिथे नसेल जागा तर घरी बसवा. तो म्हणाला, “अहो, तुमची तर आत्ता कुठे सुरुवात झाली.” मी म्हटलं, “नाही रे बाबा.” बघू काय करतात ते. हे मी तुला कौतुकासाठी सांगत नाही, सांगायचं होतं ते जानेवारीत.

ट्रेव्हरने तुझं कार्ड परत दिलं. फ्रिजवर लावायला गेले आणि लावलं नाही. ते शेल्बीला पाठवतेय, सोबत घातलंय. तिच्याजवळ आहे त्याच्या कडा झिजल्या आहेत. तिला सांग, आत्याकडे आता तिच्या बाबांचं काही नाही, तो एक बिनसहीचा बाहुला सोडून.

तो इथे टेबलावर आहे. समोरच्या रस्त्याने धान्याचा ट्रक गेला की डोलायला लागतो. ट्रक गेला तरी किती वेळ हो, हो, हो म्हणत राहतो. काल मी त्याच्यासमोर बसून, हसशील, मोठ्याने विचारत होते, माफ करशील का, आणि तो हो म्हणत होता. मग मी त्याच्या डोक्यावर बोट ठेवून त्याला थांबवलं.

तो कुणालाही हो म्हणतो. म्हणून तुला विचारतेय. थँक्सगिव्हिंगला मी बसने तुमच्याकडे येते. टर्की मी आणीन, किंवा काहीच आणणार नाही, तू म्हणशील तसं. दारातून परत पाठवलंस तर परत जाईन, बस संध्याकाळी परतीची असतेच. नाही म्हणायचं असेल तर नाही लिही, मी ते फ्रिजवर लावीन आणि दुसरं काही विचारणार नाही.

येऊ का?

मार्लिस